रांगोजीचा चारशे बारावा भाग

दर गुरुवारी सकाळी अकरा वाजता आकडा यायचा. वाहिनीच्या कचेरीतून एका ओळीचा निरोप, त्यात आदल्या आठवड्याचं रेटिंग. पूर्वी तो आकडा कुणीतरी फळ्यावर खडूने भलामोठा लिहायचं आणि मग सगळ्यांचा चहा व्हायचा. गेलं वर्षभर फळ्याला कुणी हात लावला नव्हता. त्या गुरुवारी आकडा आला शून्य पूर्णांक आठ. त्याखाली आणखी एक ओळ होती, ‘दुपारी तीनला मॅडम येत आहेत.’

“मॅडम स्वतः येतायत म्हणजे आपलं काही खरं नाही,” लेखक म्हणाला.

‘रांगोजी’ ही कार्टून मालिका सतरा वर्षं चालू होती. रांगोजी म्हणजे बल्बसारख्या नाकाचा, काखेत फाइल धरलेला एक बुटका माणूस. दर भागात तो कुठल्या तरी कचेरीत रांगेला उभा राहायचा आणि बावीस मिनिटांत त्या कचेरीची, तिथल्या साहेबांची, त्यांच्या नियमांची पार लाज निघायची. रांगोजी मात्र कधी आवाज चढवायचा नाही. खिडकीपाशी पोचला की एवढंच म्हणायचा, “साहेब, एकच शंका होती.” ते वाक्य लोकांच्या तोंडी इतकं बसलं होतं की वर्गात मुलं मास्तरांना आणि घरात बायका नवऱ्यांना त्याच सुरात टोमणे मारायच्या.

तो सूर नानांचा. नाना नाटकातले जुने नट. तोंडावरून त्यांना कुणी ओळखायचं नाही, पण रिक्षात बसून पत्ता सांगितला की रिक्षावाला मागे वळून बघायचा. आणि हा आवाज पहिल्या दिवसापासून टिपत आली होती कानबाई. तिचं खरं नाव हजेरीपटावर होतं, बाकी कुठे नव्हतं. चौपन्न वर्षांची, बारीक चणीची, ध्वनिमुद्रणाचं टेबल सांभाळणारी बाई. काचेपलीकडच्या माणसाच्या पोटात कावळे ओरडताहेत हे तिला माइकवरून कळायचं. “आधी खाऊन या,” ती म्हणायची, “तुमचं पोट संवादात येतंय.”

सव्वा वर्षापूर्वी नानांच्या घशात गाठ निघाली. शस्त्रक्रिया झाली, गाठ गेली, जीव वाचला; आवाज मात्र गेला. शब्द निघायचे ते नुसत्या वाऱ्यासारखे. नानांनी स्टुडिओत येणं सोडलं, फोन घेणं सोडलं, आणि घरात पाटीवर लिहून बोलायला लागले. वाहिनीने त्यांच्या जागी एक तरुण नकलाकार आणला. तो नानांचा आवाज असा हुबेहूब काढायचा की पहिल्या दिवशी सगळ्यांच्या अंगावर काटा आला. सगळे त्याला पोपट म्हणायला लागले. तोही बिचारा राग मानायचा नाही.

पण लोकांना काहीतरी खटकायला लागलं. काय ते कुणाला सांगता येईना. आकडा तीनवरून दोनवर आला, दोनवरून एकवर.

तीनला वाहिनीच्या मॅडम आल्या. तिशीच्या होत्या, वाईट बाई नव्हत्या. त्यांनी चहा नको म्हटलं तेव्हाच सगळे समजले.

“या हंगामाचे चार भाग राहिलेत,” त्या म्हणाल्या. “चारशे तेराव्या भागावर आपण थांबू. मला स्वतःला वाईट वाटतंय. मी शाळेत असताना बघायचे रांगोजी.”

हे शेवटचं त्यांनी बोलायला नको होतं. लेखकाचा चेहरा पडला. जाता जाता त्या कानबाईला म्हणाल्या, “तुमच्याकडचं जुनं रेकॉर्डिंग किती आहे? जे लागणार नाही ते काढून टाकायला घ्या. जागा दुसऱ्या कार्यक्रमाला हवी आहे.”

दुसऱ्या दिवशी सकाळी कानबाई आवरायला बसली. भागांची मूळ मुद्रणं बाजूला काढली. मग उरलं ते ‘कचरा’ नावाचं फोल्डर. संवाद साफ करताना मधलं जे जे कापायचं, नटाचं खाकरणं, उसासा, ओठ चाटणं, ते सगळं ती सवयीने तिथे टाकत आली होती. सतरा वर्षांचा केर. पुसण्याआधी एकदा ऐकावं म्हणून तिने हेडफोन चढवले.

दीड तास ती जागची हलली नाही.

सगळीकडे नाना होते. प्रत्येक वाक्याआधी ते नाकाने एक श्वास घ्यायचे, छोटासा, अर्धवट. विचारावं की नको अशा विचारात पडलेल्या माणसाचा. मग जिभेचा हलकासा ‘च्’. मग कधी घशातल्या घशात एक ‘हं’, ज्यात पाच वर्षं खेटे घातल्याचा शीण असायचा. शब्द एकही नव्हता आणि रांगोजी मात्र नखशिखांत तिथे उभा होता. आणि हे सगळं तिने स्वतःच्या हाताने कापून टाकलं होतं!

तिला उमगलं की पोपट आवाज काढतो, पण हा श्वास त्याच्याकडे नाही. तो असणार कुठून? त्याला नानांचे संवाद ऐकवले होते, ते तिने आधीच धुऊन पुसून ठेवलेले.

तिने त्यातले वीसेक तुकडे एका छोट्या यंत्रावर घेतले आणि लेखकाला म्हणाली, “चला.”

“कुठे?”

“नानांकडे.”

“ते दार उघडत नाहीत.”

“काकू उघडतात.”

नानांच्या बायकोने, म्हणजे काकूंनीच उघडलं. नाना खिडकीपाशी खुर्चीत बसले होते, गळ्याला मफलर. कानबाईला बघून त्यांचे डोळे क्षणभर हसले, मग तिच्या हातातलं यंत्र बघून विझले. तिने ते त्यांच्यासमोर ठेवलं आणि चालू केलं. नानांनी चार श्वास ऐकले, पाचव्याला यंत्र बंद केलं, पाटी ओढली आणि लिहिलं, ‘हा माणूस गेला. त्याला नाचवू नकोस.’

“गेलेला नाही, माझ्यासमोर बसलाय,” कानबाई म्हणाली. “तुमचा आवाज गेलाय नाना. श्वास कुठे गेलाय?”

नानांनी तोंड फिरवलं. लेखक उठायला लागला. तेवढ्यात काकू चहा घेऊन आल्या आणि कप ठेवता ठेवता त्यांचा बांध फुटला.

“तुम्हाला काय सांगू! आता तर हे घराबाहेरच पडत नाहीत. त्या दाखल्याचं झालं तेव्हापासून.”

नानांनी खुणेने ‘गप्प’ म्हटलं. काकू गप्प बसणाऱ्यांतल्या नव्हत्या.

“आवाज गेल्याचा दाखला हवा होता, सरकारी. डॉक्टरांचा कागद होता, अर्ज होता, फोटो होते. दोन तास उभे राहिलो. खिडकीवरचा माणूस म्हणतो, अर्जदाराने स्वतः तोंडी निवेदन करायचं, असा नियम आहे. मी म्हटलं, अहो, यांना बोलताच येत नाही. तर म्हणतो, ‘मग तेवढंच त्यांना स्वतः सांगू द्या!’”

मग कानबाईच्या तोंडून हसू फुटलं. तिने पदर तोंडाला लावला, पण उपयोग झाला नाही. लेखकाच्या नाकातून चहा यायचा बाकी होता. “हसू नका मेल्यांनो,” असं म्हणत काकू स्वतःच हसायला लागल्या.

नानांनी तिघांकडे जळजळीत नजरेने बघितलं. आणि मग त्यांचे खांदे हलायला लागले. ते उठले. त्यांनी चष्मा नाकाच्या टोकावर ओढला, बोटाला थुंकी लावून हवेतली पानं उलटली, मान वर न करता हाताने ‘पुढचा’ अशी खूण केली. हुबेहूब खिडकीवरचा कारकून! मग एक पाऊल सरकून ते पलीकडे उभे राहिले, काखेत नसलेली फाइल सावरली आणि नाकाने तो श्वास घेतला.

कानबाई हसायची थांबली. “नाना,” ती हळूच म्हणाली, “रांगोजीचा आवाज गेलाय. त्याला दाखला हवाय. बावीस मिनिटं. येणार?”

नानांनी काखेतली नसलेली फाइल खाली ठेवली. मग त्यांनी पाटी उचलली, काहीतरी लिहिलं आणि ती लेखकापुढे धरली. त्यावर लिहिलं होतं, ‘खिडक्या किती?’

“अकरा!” लेखक म्हणाला.

त्याने तो भाग तीन दिवसांत लिहिला. एरवी तो दोन आठवडे नखं खायचा. रांगोजीला दाखला हवा. त्यासाठी तोंडी निवेदन हवं. तोंडी निवेदन जमत नसेल तर तसा दुसरा दाखला हवा. आणि तो तोंडी मागायचा. एका खिडकीवर त्याला तक्रार करायला सांगतात, तर तक्रार फक्त फोनवर घेतात. एका खिडकीवर त्याचं गप्प राहणं म्हणजे संमती धरून त्याची फाइल बंद करतात. चित्रकार मंडळींनी पानं वाचली आणि आधी खूश झाली, कारण नायकाचे ओठच हलवायचे नव्हते. मग त्यांच्या लक्षात आलं की सगळं काम आता डोळ्यांनी आणि भुवयांनी करायचंय, आणि मंडळी मुकाट्याने पेन्सिली तासायला लागली.

मॅडमनी मात्र कपाळाला हात लावला. “नायक बावीस मिनिटं बोलणारच नाही? लोकांना वाटेल टीव्ही बिघडला. उठून त्याला वरून चापट मारतील.”

“मारू देत,” कानबाई म्हणाली. “निदान उठून जवळ तरी येतील.”

मॅडमना हसू आलं. “असंही थांबायचंच आहे,” त्या म्हणाल्या. “करा काय करायचं ते.”

एक गोष्ट कानबाईला टोचत होती. ती पोपटाला बाजूला घेऊन म्हणाली, “तुझं काम काढून घेतोय असं वाटून घेऊ नकोस हं.”

“मावशी, काय सांगू,” पोपट म्हणाला, “दुसऱ्याचा गळा घालून फिरतोय वर्षभर. घरी आई म्हणते, अरे तुझ्या आवाजात बोल. मला दुसरं काहीतरी द्या ना.”

त्याला अकरा कारकून दिले, अकराही वेगळे. तो इतका खूश झाला की तालमीतच त्याने बाराव्याचा आवाज काढून दाखवला.

मुद्रणाच्या दिवशी नाना सकाळी दहाला आले. काकू सोबत होत्या. जिन्यात सगळे उभे होते, पण कुणी टाळ्या वाजवायच्या नाहीत, असं कानबाईने बजावून ठेवलं होतं. तिने वातानुकूलन बंद केलं, घड्याळ बाहेर नेऊन ठेवलं, नानांना बूट काढायला लावले आणि माइक त्यांच्या ओठांपासून चार बोटांवर आणला. काच लोटली. हेडफोन चढवले. आणि सव्वा वर्षाने तिच्या कानांत तो माणूस आला.

पोपट शेजारच्या माइकवर होता. पहिल्या खिडकीपासून सुरुवात झाली. नानांचा एक श्वास आशेचा होता, एक अदबीचा. चौथ्या खिडकीवर ते नुसते ‘च्’ करून थांबले आणि बाहेर लेखकाने मांडीवर थाप मारली. सातव्या खिडकीनंतर घाम पुसायला थांबावं लागलं. नानांनी खूण केली, चालू ठेवा.

अकराव्या खिडकीवरचा कारकून रांगोजीला मुका म्हणजे बहिराही समजतो आणि त्याच्यावर ओरडतो. पोपट जीव तोडून ओरडला, “काय पाहिजे? आँ? का-य पा-हि-जे?” लिहिलेलं असं होतं की इथे रांगोजीने फाइल बंद करायची, उसासा टाकायचा आणि परत फिरायचं.

नानांनी श्वास घेतला. उसासा आला नाही. माइकच्या अगदी जवळ झुकून, त्या उरलेल्या वाऱ्यासारख्या आवाजात, अतिशय नम्रपणे ते म्हणाले,

“साहेब, ओरडू नका. मला सगळं ऐकू येतं.”

पोपटाचं पुढचं वाक्य होतं. ते त्याच्या तोंडून निघेचना. कानबाईने यंत्र थांबवलं नाही. ती शांतता तिने सोळा सेकंद तशीच टिपली.

“हे मी लिहिलं नव्हतं,” लेखक कुजबुजला. त्याचे डोळे भरले होते.

“माहितीये,” कानबाई म्हणाली. “आता लिहून घ्या.”

भाग रविवारी संध्याकाळी साडेसातला लागला. कानबाई घरी होती, आणि तिने टीव्ही बघितलाच नाही. ती गॅलरीत जाऊन उभी राहिली. इमारतीतल्या किती खिडक्यांतून रांगोजीचं सुरुवातीचं संगीत येतंय ते तिने मोजलं. सहा. मग ते थांबलं, आणि एकेका घरात कुणीतरी आवाज वाढवायला लागलं. श्वास ऐकू यावा म्हणून! हळूहळू बाकीचे आवाज बंद झाले. भांडी थांबली, नळ थांबला. वरच्या मजल्यावर एक आजोबा कुणाला तरी म्हणाले, “गप्प बस रे, तो काहीतरी म्हणतोय.” खिडक्या आता सहा नव्हत्या, दहाबारा तरी होत्या. शेवटी ते वाक्य आलं. मग सोळा सेकंद अख्खी इमारत गप्प होती. आणि मग कुठल्या तरी घरात एकट्याच माणसाने टाळ्या वाजवल्या, त्याला लाज वाटायच्या आत शेजारच्या घरातून दुसऱ्याने.

कानबाईने कठड्यावर हात घट्ट धरले होते. तिला रडू येत होतं आणि ती हसत होती.

सोमवारी पुन्हा दाखवा म्हणून वाहिनीकडे फोन सुरू झाले. मंगळवारी पुन्हा दाखवला. गुरुवारी अकरा वाजले तेव्हा स्टुडिओत कुणी कामाचं सोंगसुद्धा करत नव्हतं. सव्वाअकराला निरोप आला. लेखकाने वाचला, पुन्हा वाचला आणि कागद कानबाईच्या हातात दिला.

“यांनी टिंब चुकीच्या ठिकाणी दिलंय,” तो म्हणाला.

सहा पूर्णांक तीन. सतरा वर्षांतला सगळ्यांत मोठा आकडा सहा पूर्णांक दोन होता, आणि तोही बाराएक वर्षांपूर्वीचा. कानबाईने वाहिनीला फोन लावून विचारलं. टिंब बरोबर होतं. मग पोपट खडू शोधत सुटला. खडू सापडला नाही, तेव्हा कुणीतरी लाल रंग आणि जाड ब्रश आणला. तो आकडा पुढे फळ्यावरून कधीच निघाला नाही.

मॅडम दुपारी आल्या. या वेळी त्यांनी दारातूनच विचारलं, “चहा आहे का?” मालिका दोन वर्षांसाठी वाढली होती. “नानांना विचारा, त्यांची काही अट असेल तर,” त्या म्हणाल्या.

नानांची एकच अट होती. रांगोजीचा आवाज आता परत आणायचा नाही. त्याला बोलायचं असेल तेव्हा तो असाच बोलेल, हळू, आणि ज्यांना ऐकायचंय त्यांनी जवळ यावं. ही अट त्यांनी पाटीवर लिहिली नाही, स्वतः बोलून सांगितली. आणि खरंच सगळे खुर्च्या ओढून जवळ गेले, मॅडमसुद्धा.

आवाज नसलेल्या, अडखळत बोलणाऱ्या माणसांची पत्रं पोत्याने आली. बऱ्याच जणांना ती खिडकी ओळखीची वाटली होती. महिन्याभराने त्या कचेरीने तोंडी निवेदनाचा नियम गुपचूप काढून टाकला. नाना काकूंबरोबर पुन्हा तिथे गेले. खिडकीवर तोच माणूस होता. त्याने नानांना ओळखलं, तांबडालाल झाला आणि उभा राहिला.

“दाखला देतो साहेब, लगेच देतो,” तो म्हणाला. “पण माझी अडचण समजून घ्या. तुम्ही टीव्हीवर एक वाक्य बोललात. ते सगळ्यांनी ऐकलंय. शेऱ्यात काय लिहू?”

“लिहा,” काकू म्हणाल्या, “वर्षातून एकदा बोलतात, आणि तेही तुमच्यासारख्यांशी.”

आधी मागची रांग हसली, मग तो माणूसही. शिक्का त्याने असा दणकून मारला की टेबलावरचा पाण्याचा पेला हिंदकळला.

मालिकेच्या चाहत्यांनी एका संकेतस्थळावर सगळ्या भागांना गुण द्यायची सोय केली होती, दहापैकी. चारशेच्या वर भागांची ती यादी कुणी ना कुणी रोज हलवत असायचं. सगळ्यांत वर कित्येक वर्षं सहासष्टावा भाग होता, ज्यात रांगोजी स्वतःच्या जन्माचा पुरावा मागायला जातो. त्याला नऊ पूर्णांक चार होते. सहा आठवड्यांत चारशे बारावा त्याच्या वर गेला, नऊ पूर्णांक सातवर. पोपटाने ही बातमी सगळ्यांना वाचून दाखवली. टाळ्या पडल्या, लेखकाने वाकून मुजरा केला, चित्रकारांनी टेबलं बडवली.

नाना एकटे कुरकुरत बसले होते. कानबाई जवळ गेली आणि तिने कान पुढे केला.

“सहासष्टावा चांगला होता,” नाना कुजबुजले. “त्यात मी दीड पान एका दमात म्हटलं होतं. लोकांना काही कळत नाही.”

त्या दिवशी घरी जाऊन त्यांनी काकूंना त्या संकेतस्थळावर खातं उघडायला लावलं आणि सहासष्टाव्या भागाला दहापैकी दहा दिले. चारशे बाराव्याला काकूंनी, त्यांना न विचारता, दहा देऊन टाकले.